मंडळीचं कर्ज: कागदावर १० टक्के, हिशेबात किती?

बाहेरचा माणूस ‘पतसंस्था’ म्हणतो, आपण बडोद्यात ‘मंडळी’ म्हणतो. शाळेची मंडळी, रेल्वेची मंडळी, कारखान्याची मंडळी. एका नोकरदारांच्या मंडळीचे हिशेब मी २८ वर्षं सांभाळले. तेव्हा खिडकीच्या आतून जे सांगता येत नसे, ते आता बाहेर बसून सांगतो. या वेळचे बहुतेक प्रश्न कर्ज खरोखर कितीला पडतं, याच एका गोष्टीभोवती फिरणारे आहेत.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, मांजलपूरला राहते. पावसाळ्यात गच्ची गळते, म्हणून दुरुस्तीसाठी २ लाख रुपये हवेत. आमच्या मंडळीचा दर १० टक्के आहे, बँक १२ टक्के सांगते. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणतात, डोळे झाकून मंडळीचं घे. पण मंडळीने दिलेल्या कागदावर हातात १,८७,००० पडतील असं लिहिलंय. मग हे १० टक्के कसे?

ताई, डोळे झाकले नाहीत हे उत्तम केलंत. तो कागद तुम्ही सोबत पाठवलात म्हणून उत्तर नेमकं देता येतंय. त्यावर वजावटीच्या तीन ओळी आहेत: शेअर (मंडळीच्या भांडवलातला तुमचा वाटा) १०,०००, वहिवटी म्हणजे प्रशासकीय खर्च २,०००, संकट निधी १,०००. एकूण १३,००० मंडळीने ठेवून घेतले. हप्ता मात्र पूर्ण २ लाखांवरच बसलाय: ६,४५३ रुपये, ३६ महिने. म्हणजे वापरायला मिळाले १ लाख ८७ हजार आणि व्याज भरायचं २ लाखांचं.

आता या तीन ओळी एका जातीच्या नाहीत, हे लक्षात घ्या. वहिवटी खर्च आणि संकट निधीचे ३,००० गेले ते गेले. शेअरचे १०,००० तुमचेच आहेत, फक्त तुमच्या हातात नाहीत. ते परत मिळणार का आणि कधी, यावर तुमच्या कर्जाचा खरा दर ठरतो. मी तिन्ही शक्यता मांडून पाहिल्या.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शेअर परत मिळाला आणि दरम्यान दरवर्षी ८ टक्के डिविडंड (लाभांश) सुटला, तर कर्ज साधारण ११.४ टक्क्यांना पडतं. शेअर परत मिळाला पण डिविडंड काहीच सुटला नाही, तर १२.१ टक्के. आणि शेअर परत मिळालाच नाही, म्हणजे तुम्ही सभासद राहिलात आणि पैसे मंडळीतच पडून राहिले, तर ३६ महिन्यांच्या हिशेबात तेच कर्ज १४.७ टक्क्यांचं होतं. कागद तोच, हप्ता तोच, आणि दर तीन.

बँकेलाही हीच फूटपट्टी लावू. १२ टक्के दराने हप्ता येतो ६,६४३. प्रोसेसिंग फी २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ४,७२० आधीच कापले जातील. हातात १,९५,२८०. खरा दर १३.७ च्या आसपास. तेव्हा शेअर परत मिळणार असेल तर तुमच्या मैत्रिणींचं बरोबर आहे, मंडळी स्वस्त पडते. शेअर अडकणार असेल तर बँक स्वस्त. बहुतेकांचा शेअर अडकतोच. कर्ज फिटलं की माणूस पुढच्या कर्जासाठी सभासदत्व ठेवतो आणि शेअरचे पैसे निवृत्तीपर्यंत कुणाला आठवत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी तेच पैसे बोनस मिळाल्यासारखे वाटतात. ते तुमचेच असतात, इतकी वर्षं मंडळीने वापरलेले. मात्र याच शेअरवर पुढचं कर्ज मिळणार असेल, तर दुसऱ्या वेळी ही वजावट होणार नाही. पहिलं कर्ज महाग आणि पुढची स्वस्त, असं ते गणित आहे.

आणखी एक ओळ कागदाच्या मागच्या बाजूला आहे, ती तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते: दरमहा ५०० रुपये फरजियात, म्हणजे सक्तीची, बचत. ही बचत वाईट नाही, अनेकांची लग्नं त्यातून झाली आहेत. पण कर्ज चालू असताना तिचा अर्थ असा, की एका हाताने १० टक्क्यांनी पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने ४-५ टक्क्यांनी त्याच खिडकीत ठेवायचे. रक्कम लहान आहे म्हणून फार त्रास नाही. पण हप्ता ६,४५३ नसून ६,९५३ आहे, हे महिन्याच्या खर्चात धरा.

स्वतः पडताळायचं असेल तर मुलाला किंवा भाचीला एक्सेल उघडायला सांगा. त्यात ‘रेट’ नावाचं फंक्शन आहे. महिने ३६, हप्ता उणे ६४५३, आज हातात आलेली रक्कम १८७०००, शेवटी परत मिळणारी रक्कम १००००. येणाऱ्या आकड्याला १२ ने गुणा. चहा उकळेपर्यंत उत्तर मिळतं.

जाता जाता: स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज जुन्या कररचनेत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजा होतं आणि मंडळीचं कर्जही त्यात चालतं. जुन्या रचनेत असाल तर मंडळीकडून व्याजाचा दाखला मागा आणि गच्चीच्या कामाची बिलं फाइलला लावून ठेवा.

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथसाठी १ लाख हवेत, दोन वर्षांत फेडीन. मंडळी १३ टक्के म्हणते. फायनान्सवाला ८ टक्के म्हणतो आणि घरी येऊन सह्या घेतो. यात विचार करण्यासारखं काय आहे?

‘फ्लॅट’ हा शब्द आहे. फायनान्सवाल्याने तो बहुधा हळू आवाजात उच्चारला असेल.

८ टक्के फ्लॅट म्हणजे पूर्ण १ लाखावर दोन्ही वर्षांचं व्याज आधीच काढलं: १६,०००. ते मुद्दलात मिळवून २४ ने भागलं, हप्ता आला ४,८३३. पण तुमच्याकडे दोन वर्षं १ लाख राहतच नाहीत. बाराव्या महिन्यात निम्मं मुद्दल फेडून झालेलं असतं, व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू असतं. घटत्या बाकीवर मांडलं तर हे कर्ज १४.७ टक्क्यांचं आहे. मंडळीचे १३ टक्के घटत्या बाकीवर असतील, तर हप्ता ४,७५४ आणि दोन वर्षांचं व्याज १४,१००. आठापेक्षा तेरा स्वस्त, हे पटायला जड जातं. म्हणून तर ‘फ्लॅट’ची दुकानं चालतात.

‘असतील तर’ असं मुद्दाम म्हटलं. मंडळीलाही एक प्रश्न विचाराच: व्याज कोणत्या बाकीवर, आणि हप्ता जमा कधी धरता? काही जुन्या मंडळ्या वर्षाच्या सुरुवातीच्या बाकीवर वर्षभराचं व्याज लावतात आणि भरलेले हप्ते ३१ मार्चला मुद्दलातून वळते करतात. तिथे मंडळीसुद्धा अर्धवट फ्लॅटच होते. ओळखायची खूण सोपी आहे. कुणा जुन्या कर्जदाराचं पासबुक घ्या आणि व्याजाचा रकाना वरून खाली वाचा. आकडा दर महिन्याला थोडा थोडा उतरत असेल तर ठीक. बारा ओळी एकच आकडा आणि एप्रिलमध्ये एकदम खाली उडी, असं दिसलं तर समजा.

घरी येऊन सह्या घेतो, त्याचेही पैसे कुठेतरी लावलेले असतातच.

प्रश्न: बँकेने मला एक कागद दिला, त्यावर वर्षाचा एकूण खरा दर छापलेला होता. आमच्या मंडळीत तसा कागद मागितला तर कारकून म्हणाला, ‘काका, आपणे त्यां एवुं कंई नथी.’ मंडळीवर तो नियम नाही का? (फतेगंज)

नाही. तो कागद म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्जांसाठी तो बंधनकारक केला. व्याज, फी, विमा असं सगळं मिळून वर्षाला किती टक्के पडतं, ते त्यात सांगावं लागतं. मंडळी रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही. ती गुजरात सहकारी मंडळी कायदा, १९६१ खाली, म्हणजे सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे. कारकून खोटं बोलला नाही.

पण तुम्ही नुसते ग्राहक नाही, सभासद आहात. साध्या कागदावर अर्ज द्या: मंजूर रक्कम, वजावट कशाकशाची, हातात किती, हप्ता, दंडव्याज, मुदतीआधी फेडल्यास आकार. सहा ओळी. वार्षिक सभेत हाच विषय काढला तर पुढच्या वर्षी छापील फॉर्म निघेल. नाष्ट्यानंतर काढा, आधी नको; गोटा भजी येण्याआधी कुणी ऐकत नाही.

प्रश्न: आमचे हे तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीत असताना एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. तो नोकरी सोडून गेला, हप्ते थांबले. आता मंडळीचं पत्र आलंय, १ लाख ४० हजार भरा म्हणून. पैसे त्याने घेतले, त्याचं घर आहे, गाडी आहे. मंडळीने आधी त्याच्याकडे जायला नको का? आणि पेन्शनमधून कापतील का? (वारसिया)

वहिनी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर मंडळीने आधी त्याच्याकडे जायलाच हवं असं बंधन नाही. जिथून वसुली सोपी, तिथे ती जाते. निवृत्त, पत्ता न बदललेला, पत्र आलं की झोप उडणारा माणूस म्हणजे वसुली अधिकाऱ्याचं आवडतं गिऱ्हाईक. हे मी खुर्चीत बसून पाहिलंय आणि, खरं सांगायचं तर, केलंही आहे.

आता तुमच्या बाजूचं. मंडळीत जाऊन मूळ जामीनखताची नक्कल मागा आणि त्यावरची रक्कम व तारीख बघा. दुसरा जामीनदार कोण, तेही त्यात असेल. बहुतेक मंडळ्या दोन घेतात. मंडळी सगळी रक्कम तुमच्याकडून घेऊ शकते, पण कलम १४६ प्रमाणे त्यातला निम्मा वाटा तुम्ही दुसऱ्या जामीनदाराकडून मागू शकता. जे भराल ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कलम १४५ देतं. आणि पूर्ण भरलंत तर कलम १४० प्रमाणे मंडळीचे त्याच्याविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात. म्हणून एक रुपयाही भराल तर पावतीवर ‘जामीनदार म्हणून भरणा’ असं लिहून घ्या. नुसती कर्जखात्याची पावती घेतलीत तर उद्या तो म्हणेल, माझेच पैसे त्यांच्या हातून पाठवले होते.

कर्ज पुढे वाढवलं होतं का, हेही बघा. यजमानांनी सही केली ८० हजारांवर आणि नंतर मंडळीने न विचारता ते २ लाख केलं, असं घडतं. अशा बदलानंतरच्या व्यवहारांतून कलम १३३ जामीनदाराला मोकळं करतं. फक्त जामीनखतात ‘पुढील बदलांना माझी आधीच संमती आहे’ अशी ओळ छापलेली असू शकते, म्हणून नक्कल हातात येईपर्यंत यावर भरवसा ठेवू नका.

पेन्शन सरकारी असेल तर ती जप्तीतून बाहेर आहे. १८७१ चा पेन्शन कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०, दोन्ही तसं सांगतात. मात्र त्याच मंडळीत यजमानांचा शेअर किंवा ठेव असेल, तर मंडळी तिथे हात घालणार. वाद मिटला नाही तर तो नेहमीच्या दिवाणी कोर्टात जात नाही. आपल्याकडे सहकारी कायद्याच्या कलम ९६ खाली ‘बोर्ड ऑफ नॉमिनीज’ या सहकारी वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे जातो. पत्राला लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका.

कर्ज घेणाऱ्यांनीही हे उत्तर वाचावं. मंडळीचं कर्ज विनातारण मिळतं असं आपण म्हणतो. तारण असतंच, ती दोन माणसं. त्यांची किंमत कुठल्याच दरात धरलेली नसते. मी स्वतः एका मित्राचे सात हप्ते भरलेत. तो आजही खंडेराव मार्केटात समोर दिसला, की अचानक वांगी निवडण्यात फार गुंग होतो.

प्रश्न: मंडळीचं कर्ज वेळेवर फेडलं तर सिबिल स्कोअर वाढतो का?

बहुतेक मंडळ्या क्रेडिट ब्युरोला माहिती पाठवत नाहीत, त्यामुळे वाढत नाही. हप्ता चुकला तर उतरतही नाही, म्हणून काही जण खूष असतात. पुढे मोठं गृहकर्ज काढायचं असेल, तर मंडळीची पाच वर्षांची इमानदारी बँकेच्या पडद्यावर दिसणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. ‘नो ड्यूज’चा दाखला जपून ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा बरा.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथे तो गाडीसाठी क्रेडिट युनियनचं कर्ज घेतोय, २५,००० डॉलर, ६ टक्के. म्हणतो, ही आपल्या मंडळीसारखीच असते. आम्ही दोघं काळजीत आहोत, तिथेही जामीन लागतो का? (कारेलीबाग)

साधारणपणे नाही, गाडीच तारण असते. मुलाचं म्हणणं बरंचसं खरं आहे. क्रेडिट युनियन सभासदांच्या मालकीची, एक सभासद एक मत, आणि शेअरही असतो, पण तो बहुधा पाच-दहा डॉलरचा. आपल्यासारखा कर्जाच्या ५ टक्के नाही. त्यामुळे माझ्या पहिल्या उत्तरातली शेअरची भानगड तिथे उद्भवत नाही. व्याज आणि कर्जाची फी धरून वार्षिक दर सांगायची सक्ती तिथे १९६८ च्या कायद्यापासून आहे. तो आकडा ‘एपीआर’ या नावाने कागदावर असतो. मुलाने ६ टक्के हा व्याजदर सांगितला की एपीआर, एवढं विचारा. फेडरल क्रेडिट युनियनला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, आणि बहुतेक कर्जांवर दराची कमाल मर्यादा सध्या १८ टक्के आहे. शिवाय सभासदांच्या ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा आहे. आपल्याकडे ५ लाखांचा ठेवविमा बँकांना असतो, मंडळ्यांना नाही.

खर्च तिथे दरात नसतो, बाजूच्या कागदांत असतो. सही करतेवेळी दोन-तीन विमे पुढे सरकवले जातात: गाडी मोडली आणि विम्याची रक्कम कर्जापेक्षा कमी आली तर फरक भरणारा ‘गॅप’, नोकरी गेली तर हप्ते भरणारा दुसरा. ते कर्जातच मिळवतात, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही व्याज. हवा असेल तर घ्यावा, पण भाव बाहेर विचारून. दुसरं, दिवाळीच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या नाताळाच्या खरेदीआधी, ‘एक हप्ता वगळा’ अशी गोड चिठ्ठी येते. वगळलेल्या महिन्याचं व्याज चढतच असतं. २५,००० वर ६ टक्क्यांनी ते महिन्याला १२५ डॉलर, आणि वगळण्याची फी अनेक ठिकाणी वेगळी.

तिसरी गोष्ट पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. त्याच युनियनचं क्रेडिट कार्ड घेतलं, तर करारात अनेकदा असं कलम असतं की गाडी ही त्या युनियनच्या सगळ्या येण्यांना तारण आहे. गाडीचं कर्ज पूर्ण फिटलं तरी कार्डाची बाकी राहिली म्हणून गाडीची कागदपत्रं मोकळी होत नाहीत. तुमच्या मुलाला म्हणावं, ‘क्रॉस कोलॅटरल’ हा शब्द करारात शोध. गाडी एकीकडे, कार्ड दुसरीकडे, हे बरं.

प्रश्न: मुलीच्या लग्नाला पैसे कमी पडतात. सहा महिन्यांनी एलआयसीची पॉलिसी पिकते, तेव्हा सगळं एकदम फेडीन. मंडळीचं घेऊ की सोनं ठेवू?

सहा महिन्यांसाठी असेल तर सोनं ठेवण्याचा विचार आधी करा. कारण मंडळीची फी मुदतीप्रमाणे कमी होत नाही. वरच्या शिक्षिकाताईंच्या २ लाखांवरचे ३,००० तीन वर्षांत पसरले म्हणून बोचले नाहीत. तेच कर्ज सहा महिन्यांत फेडलं तर एवढ्या फीनेच वार्षिक दरात तीन टक्क्यांहून जास्त भर पडते, शेअर वेगळा. सोन्यावर घेताना दागिने तोलण्याचा आकार, लिलावाची अट आणि व्याज दरमहा भरायचं की शेवटी, हे पाहून घ्या. आणि लग्नात मुलीच्या अंगावर घालायचेच दागिने गहाण टाकायला काढू नका. हसू नका, असं झालंय.

प्रश्न: सावकार वाईट म्हणून मंडळी काढल्या म्हणतात. पण शेअर, फी, दंड बघता फरक काय उरला? (एक तरुण वाचक, रावपुरा)

फरक नफा कुठे जातो यात आहे. सावकाराचा नफा सावकाराच्या घरी. मंडळीचा नफा डिविडंड होऊन सभासदांकडे यायचा असतो; येतो का, हे सभासद सभेला जातात का यावर आहे. हा उद्योग मुळात आपल्या गावचाच. १८८९ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकरांच्या मार्गदर्शनाखाली अन्योन्य सहकारी मंडळी सुरू झाली. देशातली अशी पहिली परस्पर मदतीची संस्था बहुधा तीच, असं मानतात. सहकारी पतसंस्थांचा कायदा इंग्रजांनी आणला तो १९०४ मध्ये, १५ वर्षांनी. ‘अन्योन्य’ म्हणजे एकमेकांचं. तुम्ही मात्र ‘त्यांचं’ म्हणून लांबून बघताय. तुमच्या मंडळीचा गेल्या वर्षीचा अहवाल वाचलात का? नफ्यातलं किती वाटलं आणि किती ‘इतर खर्चात’ गेलं, ते तिसऱ्या-चौथ्या पानावर सापडेल. मग पुन्हा लिहा.

प्रश्न: दोन हप्ते चुकले. दंडव्याज ३ टक्के आहे असं माहीत होतं, म्हणून फार घाबरलो नाही. पण पासबुकात दंड ५०० रुपये महिना दिसतोय. हप्ता माझा ५,००० चा. चूक झाली आहे का?

चूक नसावी, अट तशी असावी. ३ टक्के थकलेल्या हप्त्यावर असतील तर ५,००० वर महिन्याला साडेबारा रुपये होतात. पूर्ण बाकीवर असतील आणि बाकी २ लाखांची असेल, तर ५००. दोन्हीकडे ‘दंडव्याज ३ टक्के’ हेच शब्द, रक्कम ४० पट. कर्जखतावर ‘थकित रकमेवर’ लिहिलंय की ‘येणे बाकीवर’, ते बघा. ‘थकित’ असेल तर फरक परत मागा, आणि लाजू नका. ‘येणे बाकी’ असेल तर आज उधार घेऊन का होईना दोन्ही हप्ते भरून टाका.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी कर्ज फेडलं, राजीनामाही दिला. शेअरचे १०,००० अजून मिळाले नाहीत. विचारलं की म्हणतात, ‘कमिटीत ठेवू.’ (प्रतापनगर)

तुम्ही राजीनामा तोंडी दिलात की लेखी, हे पत्रात लिहिलेलं नाही, आणि बरंचसं त्यावर अवलंबून आहे. अनेक मंडळ्यांच्या पोटनियमांत, म्हणजे आपल्या ‘पेटानियमां’त, एका वर्षात एकूण भांडवलापैकी किती परत करायचं याला मर्यादा असते, आणि अर्ज आल्याच्या क्रमाने नंबर लागतो. तोंडी सांगणाऱ्याचा नंबर लागतच नाही. तुम्ही कुणाला जामीन असाल, तर ते खातं मिटेपर्यंतही अडवतात. तेही आधी तपासा.

उद्या जाऊन पेटानियमांची प्रत मागा. शेअर परतीचा अर्ज दोन प्रतींत लिहा, सभासद क्रमांक आणि कर्ज फिटल्याची तारीख घालून. मागच्या दोन वर्षांचा डिविडंड जमा झाला का, तेही त्यातच विचारा. पैसे तुमचे तिथे आहेत तोवर तोही तुमचा. एक प्रत आत द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का मारायला कंटाळा करतील, दुपारी जेवायला गेलेत म्हणतील. बाकावर बसून राहा.